त्याने तिला ठमी म्हटलं

भिलाई, मंगळवार, नोव्हेंबर १९५८

कारखान्याच्या नव्या धुराड्याच्या पायाभरणीत बळी म्हणून मूल पुरणार, अशी अफवा इथे पसरली आहे. भीतीने निम्मी मुलं शाळेत येत नाहीत. म्हणून हेडमास्तरांनी सूचना काढली: अफवांवर विश्वास ठेवू नका, मुलांना पाठवा. फाटकाशी उभं राहून पालकांना ती वाचून दाखवली मीच. खुर्सीपारचे गणपतराव फिटर माझ्या शब्दावर आज आपल्या मुलीला, सुमनला, घेऊन आले.

दुपारी एक अनोळखी माणूस दारात. "हिच्या बाबानं बोलावलं हाये. चाल ठमी!" सुमनचं घरचं नाव घेतलं म्हणून मी जवळजवळ पाठवलीच होती. पण ती माझा पदर सोडेना. "मीही येते सोबत," म्हणताच तो मागे न बघता निघून गेला.

शाळा सुटताना गणपतरावांना विचारलं. त्यांचा चेहराच उतरला. "मी कोनालेच नाई पाठवलं, बाई. अन् ठमी तं आमी घरातच म्हनतो. त्याले कोनं सांगतलं?"

ठमी. खरंच, कुणी सांगितलं असेल? त्यांच्याच चाळीतलं कुणी?

हेडमास्तर म्हणतात, बोलू नका, शाळा ओस पडेल. पडू दे. उद्या फाटकाशी प्रत्येक आईला सांगणार आहे, मूल न्यायला स्वतः या. आणि हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, तर ते मूल घरीच असेल, असं आता मला म्हणवणार नाही.