आप्पा, कडी लावून घ्या

शहापूर, बेळगाव
शुक्रवार

तीर्थरूप आक्कास,
धाकट्या गोपाळचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींची शुगर? आप्पा निपाणीला तुझ्याकडं सुखरूप पोचल्याचं कळलं. (तूच कळवलंस. माझा आवाज ऐकला की ते फोन कापतात, म्हणून हा कागद.) त्यांनी काय सांगायचं ते सांगितलं असेल, आता माझी बाजू ऐक. आक्का, लई भारी काम केलंय मी!

खडेबाजारात आपत्तीच्या तयारीचं शिबिर होतं. पूर, आग, भूकंप, सगळं शिकवलं. तीन मिनिटांत घर रिकामं करता आलं पाहिजे म्हणे! मी अख्खी वही भरून आणली आणि घरी येऊन चप्पल न काढताच पिशवी भरायला घेतली. टॉर्च, दोरी, शिट्टी, सगळ्यांची आधार कार्डं, चिरमुरे आणि अर्धा किलो कुंदा (संकटात तोंड गोड पाहिजे, असं माझं मत. विनोदिनीचं वेगळं होतं, पण लग्नापासून ते वेगळंच आहे).

रविवारी सकाळी दहाला शिट्टी फुंकली आणि "भूकंप!" म्हणून असा ओरडलो की समोरच्या विणकराच्या मागाचा खटखटाट थांबला. विनोदिनी देव्हाऱ्यातले देव पदरात घेऊन पळाली, आमची लेक ओवी मांजराला काखोटीला मारून (त्यानं तिला ओरबाडलं, ते वेगळंच), आणि मी पिशवी घेऊन. दोन मिनिटं चाळीस सेकंद! अंगावर काटा आला बघ. जमलेल्या गल्लीला मी तिथंच भाषण दिलं, कुंदा वाटला, फोटो काढला. तेवढ्यात शेजारच्या जयाबाईंनी विचारलं, "व्हय रं गोपाळ, आप्पा कुठं हायत?"

आता तुझ्यापाशी काय लपवू? आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. घर उघडं टाकायचं नाही, मागं एक माणूस पाहिजेच. लग्न असो, जत्रा असो, आप्पाच राहतात, आणि निघताना आपण म्हणतो, "आप्पा, कडी लावून घ्या." त्या दिवशीही पळता पळता आम्ही तिघं तेच म्हणालो. आणि त्यांनी लावून घेतली. भर भूकंपात! (असं काही होईल हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.)

धावत जाऊन दार बडवलं. आप्पांनी सावकाश उघडलं. "आलासा? घर हाय तसं हाय," एवढंच म्हणाले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी निपाणीची बस धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
गोपाळ

ता.क. जाताना आप्पा आपत्तीची पिशवी घेऊन गेलेत. (घरात भरून तयार अशी तेवढी एकच होती.) टॉर्च राहू दे, आधार कार्डं तेवढी पाठव.

ता.क. २. कार्डांचं जाऊ दे, आप्पांनाच घेऊन ये. येत्या रविवारी परत तालीम घेतोय. शिट्टी ओवी फुंकेल. मी आप्पांचा हात धरणार, दुसरं काही घेणार नाही. घर राहिलं उघडं तर राहू दे.

ता.क. ३. काल येळ्ळूरला लग्नाला निघालो होतो. उंबऱ्याबाहेर चपला घातल्या आणि तिघंही सवयीनं आत तोंड करून म्हणालो, "आप्पा, कडी लावून घ्या." आतून कडी वाजली नाही. लग्नाला कुणीच गेलो नाही.