दवाखान्यातलं हळदीकुंकू

जुने शहर, अकोला
२२ जानेवारी २०२५

सौ. ताराताईस,

जमुनाचा वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? फोन सोडून पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे!

इकडचं नवल सांगते. आमच्या गल्लीत फुकटचा दवाखाना झाला आहे. तुमच्या अमरावतीच्या कॉलनीत एका रांगेत चार डॉक्टर. आम्हाला साध्या तापासाठीही मोर्णा नदीपलीकडे जाऊन दिवस बुडवावा लागायचा. हा दवाखाना संध्याकाळीही उघडा असतो, म्हणजे कामं उरकून जाता येतं.

तिथली नर्स वर्षाली मोठी हुशार पोरगी. नुसतं तपासणीला या म्हटलं की बायका फिरकत नाहीत, म्हणून तिने संक्रांतीचं हळदीकुंकूच दवाखान्यात ठेवलं. वाण म्हणून स्टीलचा डबा, आणि पडद्याआड छातीची तपासणी. सगळी गल्ली लोटली. मी घरी तूर निवडत बसले होते. हे गेल्यापासून मी कुठल्या हळदीकुंकवाला जाते?

शेजारची पार्बताबाई डबा दाखवायला आली. गाठ कशी चाचपायची ते तिने असं काही करून दाखवलं की हसून पुरेवाट झाली. ती गेल्यावर मी न्हाणीत जाऊन तसंच करून पाहिलं.

आत्ता लिहिता लिहिता मध्येच उठून चहा करून आले. प्यायला नाही.

ताई, डाव्या बाजूला गाठ आहे. बोराएवढी. दिवाळीपासून हाताला लागत होती, मी लक्ष दिलं नाही. दुखत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. आईचीही सुरुवातीला दुखत नव्हती, असं तूच सांगायचीस.

पार्बताबाईजवळ बोलले, तिने वर्षालीला सांगितलं. ती तडक दारात.

"काकू, त्या दिवशी तुमी कावून नाही आल्या?"

"बाई, मले कोन बलावते हळदीकुंकवाले?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. "माहीच चूक झाली, काकू. हे माह्या ध्यानातच नाही आलं." माझ्यासारख्या गल्लीत कितीतरी जणी आहेत, सगळ्या घरीच बसलेल्या. आता ती हळदीकुंकवाचं नाव न काढता त्यांच्या दारोदार फिरते आहे.

मला तिने मोठ्या दवाखान्यात नेलं. सुई घालून गाठीतलं थोडं तपासायला घेतलं आहे. शुक्रवारी, ३१ तारखेला कळेल.

मी फार भ्यायले आहे गं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. भाकरी थापता थापता हात आपोआप तिकडे जातो. पुण्याला गजेंद्रला कळवलं नाही. लेकाला काय सांगू? आईचं शेवटचं दुखणं तू काढलंस, मला कुणी जवळ येऊ दिलं नाही. पुढे काय काय होतं ते मला माहीत नाही, आणि एकटीने ते ऐकायची छाती नाही.

हाच संक्रांतीनंतरचा तिसरा शुक्रवार, म्हणजे त्याच दिवशी तुझ्या घरचं हळदीकुंकू, हे मी विसरले नाही. "तुले वाईट वाटन," म्हणून तू मला बोलावत नाहीस. खोटं कशाला बोलू, मला न बोलावण्याचंच वाईट वाटत आलं आहे.

यंदा मी तुला बोलावते. सकाळच्या एसटीने ये. तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही.

तुझी,
मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहणारी
जमुना