पोट वर, पोट खाली

१७ जुलै

गेली! पहिल्या बसनं ओन ची सगाइंगला गेली. टेकडीवरच्या मठात तिची बहीण स्वयंपाक करते, तिला मदत करायला – म्हणे. एक पेटी, एक छत्री. बत्तीस वर्षांचा संसार, आणि सामान एवढंच!

थांब्यावर विचारलं, "परत कधी?"

"पावसाळ्याचे, वर्षावासाचे हे तीन महिने रोज एक तास ध्यानाला बसा. मग बघू."

त्रेचाळीस वर्षं मोन्यवा–मंडाले बस चालवली. बसूनच काढली की! अजून किती बसू?

आणि हे सगळं कशावरून, तर एका वाडग्यावरून. माशाचं सार गार होतं. वाडगं भिंतीवर गेलं. पाहुण्यांसमोर गेलं, मान्य. पण भिंतीवर! बायकोवर हात कधी टाकला नाही. हे कुणी धरतच नाही.

ही वही कंपनीची, निवृत्त होताना घरी राहिली. रकाने आहेत ते भरतो. बसलो की लिहीन. पुरावा असावा हातात.

१८ जुलै

सुटण्याची वेळ ५.००. पोचण्याची ५.०४. अडथळे: डास, डावा गुडघा, शेजारचा कोंबडा. कोंबड्याला शिवी घातली. ती ध्यानात धरायची की नाही, कळेना.

२१ जुलै

शेजारच्या प्वा यीन मावशीकडे गेलो. एक्याऐंशी वर्षांची. तोंडात कायम चिरूट. चाळीस वर्षं रोज बसते असं सगळी गल्ली सांगते. मला वाटलं, काहीतरी गूढ सांगेल.

"पोट वर येतं, खाली जातं. तेवढं बघ."

"बस्स?"

"आधी तेवढं जमव, मग बस्स म्हण. मन पळालं तर म्हणायचं, पळालं. परत पोटावर यायचं. पाय दुखला तर, दुखतंय. राग आला तर, राग, राग. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला गोंजारायचं नाही."

"मला राग येत नाही मावशी. लोक मूर्खासारखं वागतात एवढंच."

तिनं धूर सोडला. "बस आता. माझ्यासमोर."

बसलो. पोट वर, पोट खाली. पोट एवढं मोठं झालंय हे मात्र पहिल्यांदाच कळलं.

२२ जुलै

९ मिनिटं. पोट वर, पोट खाली, मग मन थेट श्वेबोच्या वळणावर. एकोणीसशे सत्त्याण्णव साली तिथं एका ट्रकवाल्यानं मला कट मारला होता. त्याला आज मनात गाठला, खाली उतरवला आणि असा झापला – वा! डोळे उघडले तर मुठी आवळलेल्या.

तो बिचारा एव्हाना मेलाही असेल.

२९ जुलै

एक तास! पूर्ण! वहीत ठळक लिहिलं.

संध्याकाळी मावशी कुंपणावरून: "आज बराच वेळ घोरलास की रे थॉ."

खोडलं.

६ ऑगस्ट

२५ मिनिटं. खरी.

११ ऑगस्ट

ओन चीला फोन. मठात फोन एकच, तिला बोलावून आणतात. तोवर मी घंटा ऐकत बसतो.

"जेवता का वेळेवर?"

"भात करपतो."

"विस्तव कमी ठेवा."

"पंचवीस मिनिटं बसतो आता."

"बरं."

बरं! घाटात ब्रेक गेलेली बस मी मनातल्या मनात देव आठवत खाली आणली होती, तेव्हाही ही 'बरं'च म्हणाली होती.

१६ ऑगस्ट

मेल्या विटांच्या ट्रकनं आमचं कुंपण पाडलं! मागं घेताना. बारा हात बांबू आडवे. मी बाहेर धावलो, तोंडात शिवी तयार – आणि आठवलं. उभा राहिलो रस्त्यात. मोठ्यानं म्हणालो, "राग. राग. राग."

ड्रायव्हर खाली उतरला होता, तो परत केबिनमध्ये चढला आणि आतून कडी लावली.

मी आपला तिथंच. राग म्हणजे नुसता राग नसतो, आज बघितलं. आधी कान तापतात. मग छातीत काहीतरी भराभर चढतं, इंजिनात पाणी संपल्यासारखं. मग हात हलके होतात. आणि मग – हे नवीन – ते उतरायला लागतं. आपण काही न करता! एवढं आयुष्य गेलं, उतरेपर्यंत मी कधी थांबलोच नव्हतो.

ड्रायव्हरनं काच चार बोटं खाली केली. "आजोबा, बरं वाटत नाहीये का?"

दोघांनी मिळून बांबू उभे केले. त्याला पान दिलं.

१७ ऑगस्ट

फार खूश होऊन मावशीला कालचं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटेल.

म्हणाली, "छान. आता 'फुशारकी, फुशारकी' म्हण."

२ सप्टेंबर

५० मिनिटं. गुडघा ओरडतो, पण आता ऐकून घेतो त्याचं. कोंबड्याशी समेट. तो सव्वापाचला आरवतो, मी म्हणतो, आवाज.

चार दिवस बसलो नाही मध्ये. कंटाळा. वहीत लिहिलंही नाही. कोण बघतंय? पाचव्या दिवशी चहाच्या दुकानात पोराशी चहा पातळ म्हणून वाजलं. घरी आलो आणि भर दुपारी बसलो. आंघोळीसारखंच आहे हे. काल केली म्हणून आज चालत नाही.

१५ सप्टेंबर

आज लिहावंसं वाटत नाहीये. लिहितो.

इ म्या आली होती, मंडालेहून. एकुलती लेक, तीस वर्षांची, शाळेत शिकवते. जेवायला बसलो. गप्पा चालल्या होत्या, चांगल्या. मी तिला विटांच्या ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली, ती हसली. उकडत होतं. पंख्याचा खटका तिच्या मागच्या भिंतीवर. मी बसल्या बसल्या हात उचलला.

तिचे खांदे वर गेले. मान आत. डोळे मिटले.

एक क्षण फक्त. मग तिनं डोळे उघडले, भात कालवायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही बाबा. सवय आहे."

सवय!

"मी तुला कधी मारलं का ग?"

"नाही मारलंत. पण कशावर पडणार ते आम्हाला आधी थोडंच कळायचं?" सहज म्हणाली. माशाचा काटा काढता काढता.

आम्हाला. म्हणजे तिला आणि ओन चीला.

पंखा लावला नाही. जेवलो तसेच.

१६ सप्टेंबर

बसलो. पोट दिसेना. फक्त ते खांदे.

१७ सप्टेंबर

तेच.

१८ सप्टेंबर

मावशीकडे गेलो. म्हटलं, "हे ध्यान बंद करतो. आधी बरं होतं, मला काही दिसत नव्हतं."

आज तिनं टोमणा मारला नाही. चिरूट विझवला. "पहिली दहा वर्षं मी माझ्या सासूला शिव्या देत बसायचे. मग एक दिवस दिसलं की मी माझ्या सुनेशी तशीच वागतेय. तेव्हा मीही सोडलं होतं."

"मग?"

"मग काय! न बसताही दिसायला लागलं. म्हटलं, दिसायचंच तर बसून तरी बघू."

संध्याकाळी इ म्याला फोन केला. माफी हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. म्हटलं, "तुझे खांदे बघितले मी त्या दिवशी." ती म्हणाली, "हं." आणि तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

मग शब्द निघाला. वाकडातिकडा, पण निघाला.

३० सप्टेंबर

एक तास. न घोरता. मावशीनं साक्षीदार म्हणून सही करावी असं सुचवलं, तिनं चिरूट दाखवून हाकललं.

१३ ऑक्टोबर

वर्षावास संपला! गल्लीभर दिवे लावताहेत. उद्या इ म्याबरोबर सगाइंगला जातो. ओन चीला आणायला. घर झाडलं. पाण्याचं मडकं घासलं. तिच्यासाठी मखमली चपला घेतल्या, तांबड्या. मावशीनं विचारलं, "येते म्हणालीये का ती?" मी म्हटलं, "मग बघू म्हणालीये. तीन महिने झाले. आता बघायचंच ना?"

मावशीनं चिरूट पेटवला. आज वेळ पंचावन्न मिनिटं, पण मन सारखं सगाइंगला. पळालं, पळालं, पळालं.

१४ ऑक्टोबर, सगाइंग

मठाच्या पायरीवर ओन ची म्हणाली, "इथंच राहायचंय मला. इथल्या भिक्षुणींसारखी गुलाबी वस्त्रं घ्यायचीत. नवऱ्याची परवानगी लागते." मग म्हणाली, "आधी मागायचा धीर नव्हता. पोरीनं सगळं सांगितलं. आता तुमच्याकडे मागता येईल असं वाटलं."

कान तापले नाहीत. छातीत चढलं ते दुसरंच होतं, त्याचं नाव मावशीनं शिकवलेलं नाही. ते उतरेपर्यंत थांबलो. उतरलं नाही. तरीही "हो" म्हणालो.

दुपारी तिचे केस उतरवले. खाली पडू नयेत म्हणून पांढऱ्या कापडाचं एक टोक इ म्यानं धरलं, एक मी. कापड धरायला मी हात वर केले, अगदी तिच्या तोंडापाशी – ओन चीचे खांदे हलले नाहीत.