पाच जिल्ह्यांचा देखावा

२ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन मी. आमच्या भटकंती मंडळाचा हिवाळी कार्यक्रम छापून आला. २५ तारीख : हॅटरटन टेकडी. नेता : कथबर्ट लमली. म्हणजे अस्मादिक. 'माथ्यावरून पाच जिल्ह्यांचा देखावा' हे वाक्यही माझंच.
डिलिस पार्गिटरने कमिटीत पुन्हा नोव्हेंबरचा विषय उकरून काढला. मी मंडळाला दलदलीत नेलं, असं तिचं म्हणणं. दलदल वाटेत आली, असं माझं. तिचा एक बूट अजून तिथेच आहे. नाडी घट्ट बांधली असती तर ही वेळ आली नसती. कमिटीने ठरवलं : या वेळी गडबड झाली तर नेत्याची शिट्टी डिलिसकडे. अकरा वर्षं माझ्या गळ्यात आहे ती. बघू कोण काढतं!

६ जानेवारी, सकाळी ६.३०
संकल्प : पाठीवर दहा किलो बटाटे घेऊन रोज वीसदा जिना चढणे.

६.४०
एकदा चढलो. गालिचा झिजेल म्हणून थांबलो. एनिड म्हणाली, सव्वीस वर्षांत नाही झिजला, तू आज काय झिजवणार! आणि बटाटे खाली आण, सोलायचेत. संसारात बायकोचा पाठिंबा असा.

१८ जानेवारी
नेत्याने आठवडाभर आधी वाटेची पाहणी करायची, असा नियमच आहे. गेलो. पाऊस. वाट 'काळा मेंढा' पबच्या मागूनच सुरू होते, तेव्हा पबच्या खिडकीतून पाहणी केली. काचेवर वाफ होती, पण एकंदर अंदाज आला. मटण मागवलं. थोडा रस्सा नकाशावर सांडला, रुमालाने टिपला. वहीत नोंद : पाहणी समाधानकारक.
आता इथे लिहायला हरकत नाही, अकरा वर्षांत त्या माथ्यावर जायचा योग आलेला नाही. पण नेत्याने सगळंच स्वतः करायचं तर नकाशे छापतात कशाला?

२४ जानेवारी
पबला फोन. चौदा जणांचं सूप, ठीक एक वाजता. रेडिओवाला म्हणतो, उद्या दाट धुकं. या लोकांचं कधी खरं झालंय?

२५ जानेवारी, सकाळी १०.००
धुकं. पबच्या दारात चौदा डोकी मोजली. डिलिस म्हणाली, आपलाच हात आपल्याला दिसत नाही, पुढच्या रविवारी जाऊ. मी म्हटलं, धुकं खालीच असतं, वर लख्ख! शिट्टी फुंकली.

११.१५
नकाशावर एक छान तपकिरी पायवाट सापडली. जाड, ठळक, गोल गोल जाणारी. पूर्वी कशी दिसली नाही कोण जाणे.

१२.०५
कुंपणावरची तिसरी शिडी ओलांडली. तिन्हींची डावीकडची फळी मोडलेली. इथले सुतार एकाच गुरूचे चेले दिसतात. काळ्या कानाची मेंढीही तिन्ही ठिकाणी. जातच तशी असणार. डिलिस म्हणाली, एव्हाना त्या मेंढीला आपली नावं पाठ झाली असतील. जळतात लोक.

१२.५०
माथा! नकाशात माथ्यावर दाखवलाय तसा सिमेंटचा चौथरा लागला. डोकी मोजली : पंधरा. माझ्या हाताखाली मंडळ चालता चालता वाढतंय! नवा माणूस पांढऱ्या कपड्यांत, हातात बादली. हौशी दिसतो.
आता चौथऱ्यावर चढून देखावा दाखवतो.

दुपारी ३.४०, घरी
दाखवला. समोर वेल्सचे डोंगर, डावीकडे नदीचं वळण, सगळं तोंडपाठ. दिसत काहीच नव्हतं, पण आमच्याकडे नेत्याला तोंडावर खोटं पाडायची रीत नाही. सगळे एका सुरात म्हणाले, वा, छान! एकाने वेल्सचा फोटोही काढला. चौथ्या जिल्ह्याकडून कांदा परतल्याचा वास आला.
पाचव्या जिल्ह्यावर होतो, तेवढ्यात धुकं उठलं. समोर 'काळा मेंढा'ची मागची बाजू. कचऱ्याचे डबे. वाळत घातलेली फडकी. चौथरा त्यांच्या जुन्या गॅसच्या टाकीचा.
बादलीवाला निघाला तिथला आचारी. म्हणाला, साहेब, सूप गार होतंय. बटाट्याची सालं टाकायला आलो होतो. केव्हाचा हाक मारीन म्हणतोय, पण तुम्ही वेल्सला पोचला होतात, मध्येच तोडणं बरं दिसेना.
जेवताना कुणी या विषयावर अवाक्षर काढलं नाही. फक्त सूपची तारीफ. मौन ही आदराची खूण.

२८ जानेवारी
कमिटी. आदराची खूण नव्हती.
शिट्टी डिलिसला. काढताना दोरी माझ्या कानाला अडकली, तिनेच हलक्या हाताने सोडवली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
माझी वाट मात्र कार्यक्रमात कायमची घेतली आहे : 'वय ऐंशीच्या पुढे. चढ नाही. शौचालय जवळ.' मी म्हटलं, निदान तिचा तरी नेता मला करा. म्हणाले, नेत्याची गरज नाही, आचारी हाक मारतो.
घरी येऊन जाहीर केलं, मंडळ सोडलं! एनिड म्हणाली, बरं. आणि माझे बूट पुसून दारात ठेवले.

१ फेब्रुवारी
लख्ख ऊन. हॅटरटन टेकडी. डिलिस पुढे, मी सगळ्यांत शेवटी. चार ठिकाणी बसलो. नकाशा वाचायला.
वर पोचलो. अकरा वर्षं मी जे जे सांगत आलो ते सगळं तिथे खरंच होतं, आणि कितीतरी मोठं. डोळ्यांत पाणी आलं. वारा फार होता.
डिलिसने सगळ्यांना थांबवलं. म्हणाली, कथबर्ट, देखावा तुम्हीच दाखवा, तुमच्याइतका पाठ कुणाला नाही. इथेही चौथरा होता. चढलो. हात लांब करून म्हटलं, हे समोर वेल्स!
सगळे म्हणाले, वा, छान!
डिलिस जवळ येऊन हळूच म्हणाली, वेल्स तुमच्या पाठीमागे आहे.
वळून पाहिलं. होतं.