दोष घासण्याचा नव्हता

४ ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

फोनवर मी दातांचा विषय काढला की तुझ्या दारात नेमकं कोणीतरी आलेलं असतं, म्हणून हे पत्र. कोणीही आलं-गेलं तरी पत्र तुझी वाट बघत बसेल.

बारकी सात वर्षांची झाली. तिचे दुधाचे दात पिवळे होते, पण ते पडून नवे येतील म्हणून मी धीर धरला. नवेही तसेच आले, तपकिरी आणि खरखरीत. दाढांचे तर येता येताच कपचे उडायला लागले. गार पाणी लागलं की पोर कळवळते. शाळेत दर सोमवारी स्वच्छतेचा तक्ता भरतात, त्यात दातांच्या रकान्यात तिला कायम लाल फुली. आत्या, मी तिला न्हाणीघरात धरून हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासलेत. लहानपणी आई माझे घासायची तसेच.

परवा दातांच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. दातावरचं एनॅमलचं कवच बनतानाच कच्चं आणि पातळ राहिलंय, म्हणाल्या. घासून ते येणार नाही, आणि न घासल्यामुळे गेलेलंही नाही. हे घराण्यातून येतं. मग त्यांनी माझ्या तोंडात पाहिलं आणि माझ्या कॅपांखाली काय होतं ते विचारलं. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. इतकी वर्षं मी स्वतःलाच आळशी समजत होते गं.

घरात कोणाला, किती आणि कोणत्या वयात असं झालं, हे त्यांना हवंय. म्हणजे बारकीच्या अजून यायच्या दातांचं आधीच ठरवता येईल. बाबांना तिशीतच कवळी होती. तुझं काय?

उत्तर टाळू नकोस, एवढाच लोभ दाखव.

तुझी भाची


११ ऑगस्ट

चि. भांडखोर भाचीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बारकीच्या फ्रॉकचं माप कळव, गेल्या वेळचा आखूड झाला असेल.

दातांचं म्हणशील, तर आपल्या घराण्यात दगडासारखे दात. तुझे बाबा गोडखाऊ, म्हणून त्यांचे गेले. माझे बघ, अडुसष्टाव्या वर्षी अख्खी ओळ जागेवर आहे. माझ्या शिवणाच्या क्लासमधल्या मुली हेवा करतात. डॉक्टर लोकांना काही ना काही नवीन काढल्याशिवाय करमत नाही. पोरीची जात आहे, उगाच चारचौघांत बोभाटा करू नकोस. हसताना तोंडापुढे रुमाल धरायला शिकव. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, मग हात आपोआप वर जातो.

तब्येतीला जप. राग आला असेल तर गिळ, पण लोभ गिळू नकोस.

तुझी आत्या


२० ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

राग गिळला नाही. तो घेऊन शाळेत गेले.

मुख्याध्यापिकाबाईंसमोर एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली. त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा, तक्ता छापील आहे. मी म्हटलं, मग मी बाहेर बसते. बाइंडिंगच्या कामावरून तीन दिवसांची रजा काढली आणि त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर वह्या शिवत बसले. येणारा-जाणारा विचारायचा, आणि मी प्रत्येकाला एक्स-रे दाखवायचे. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः बाहेर आल्या आणि तो उलटा धरून बघायला लागल्या. मी सुलटा करून दिला. सगळं ऐकून म्हणाल्या, तुमच्या मुलीला खास सवलत देऊ. मी सांगितलं, सवलत नको, चूक दुरुस्त करा. शेवटी दातांचा रकानाच गेला, सगळ्या मुलांचा. जुन्या फुल्यांची शाई पुसत नाही, असं वर्गशिक्षिका म्हणाल्या. पुसू नका, मीच खळ आणि कागद घेऊन येते, म्हटलं. गेल्या वर्षापासूनच्या मिळून सव्वीस फुल्या होत्या. एकेकीवर पट्टी चिकटवली, कडा दाबून.

बारकीच्या चार दाढांवर स्टीलच्या टोप्या बसल्या. आता त्या झिजणार नाहीत. पुढच्या दातांवर पांढऱ्या लेपाचा थर देणार, आणि पक्क्या कॅप वाढ पुरी झाल्यावर. गार पाण्याचा पेला गटागटा प्यायली, वर आणखी मागितला. भाजीवाल्यालाही आ करून चांदी दाखवते!

आता तुझं. रुमाल धरायचा हात आपोआप वर जातो, हे तुला कसं ठाऊक? आणि मी रोज मशीनवर कागद कापते. इतकी सरळ ओळ यंत्राशिवाय येत नाही, आत्या.

लोभ आहे म्हणूनच विचारते.

तुझी भाची


२६ ऑगस्ट

चि. भाचीस आशीर्वाद.

कवळीच आहे. घे, लिहिलं.

एकोणिसाव्या वर्षी, लग्न ठरायच्या आधी, आईने नेऊन माझे सगळे दात काढवले. झिजून हिरडीला टेकले होते, रंग बारकीच्यासारखाच. आईने बजावलं, जीव गेला तरी कोणाला सांगायचं नाही. नाही सांगितलं. तुझ्या काकांच्या शेजारी एकतीस वर्षं कवळी घालून झोपले. हिरड्या सोलवटायच्या. त्यांच्या आधी उठून, नळ सोडून धुवायची. ते गेले, त्यांना कळलंच नाही.

ते माझ्यापुरतं होतं. पण माझ्या मुलाचे दात तसेच आले, तेव्हा ते कुठून आले हे मला माहीत होतं. तरी घासत नाहीस म्हणून त्याला शिवणाच्या पट्टीने मारलं मी. तुझ्या आईला निदान माहीत तरी नव्हतं.

गुरुवारी येते. तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसून माझ्या हाताने कवळी काढणार. शिकाऊ डॉक्टर असतील तर त्यांनाही बोलाव. एकोणपन्नास वर्षं लाज पुरवून वापरली. आता पुरे.

येईपर्यंत तरी लोभ आवरून धर.

तुझी आत्या


१७ सप्टेंबर

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. ते सात शिकाऊ डॉक्टर अजून डोळ्यांपुढे आहेत. त्यातल्या एका मुलीने मान खाली घातली, तेव्हा मी बोळक्या तोंडाने तिला दटावलं की वर बघ, परीक्षेत हेच विचारतील. आणि कवळी एकटी असताना बोलते का, असं बारकीने विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाईही हसल्या. वेळेवर टोप्या बसल्या तर आता कोणाचे दात काढावे लागत नाहीत, हे त्यांनी सांगितलं ते बरं केलं. मी ते पदरात बांधून आणलं.

इथे क्लासमधल्या मुलींना सांगून टाकलं. मग मुलाला बोलावलं. त्याच्यासमोर कवळी काढून ठेवली आणि पट्टीचंही बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, लग्नाच्या एकाही फोटोत माझं तोंड उघडं नाही, ते तू कधी पाहिलंस का? आणि उठून गेला. नऊ दिवस फोन नाही. मी केला नाही. त्याचा राग त्याच्या हक्काचा आहे.

काल त्याचा फोन आला. माफ केलंय असं समजू नकोस, एवढं आधी बजावलं आणि मग इस्पितळाची वेळ विचारली. सोमवारी येतोय. त्याला माझी बाजू पटवत बसू नकोस. तो बोलेल ते ऐक.

सगळं कळूनही तुमच्याकडे लोभ उरला असेल, तर आधी त्याला द्या. मला उरलासुरला चालेल.

तुझी आत्या