साठीचा घोळ

सोमवार, ९ मार्च १९५३

होलिस ट्रेडवेने लग्नाचं विचारलं. माझ्या घरी, माझ्याच टेबलावर, मक्याच्या पावाला लोणी लावता लावता – जणू मीठ मागतोय. सुरी खाली ठेवायचंही सुचलं नाही त्याला!

म्हटलं, "होलिस, मी साठ वर्षांची आहे आणि तू बॅप्टिस्ट आहेस."

"यातलं एकच तुला खरं खुपतंय," तो म्हणाला. दाताचा डॉक्टर तो, जन्मभर लोकांचे दात बघितले. दुखरी जागा शोधायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही.

मी सरळ सांगितलं. बॅप्टिस्ट पंथ सोडून आमच्या मंडळीत ये, पापक्षमेसाठी बाप्तिस्मा घे, मग बघू.

"अकराव्या वर्षीच बुडवलंय मला. नदीत. नाकात गाळ गेला होता."

तो बाप्तिस्मा चालत नाही. त्या दिवशी तो आपलं तारण आधीच झालं असं समजून पाण्यात उतरला. पाणी तेच, बुडणं तेच, कारण चुकीचं.

"म्हणजे मी नुसताच भिजलो?"

"नुसताच भिजलास."

तो गेल्यावर भांडी घासताना हसत होते. एकटीच. लक्षण बरं नाही.

बुधवार, ११ मार्च

थोरली बहीण मॉडी येऊन गेली. "अगं, साठीला पोचलीस आणि आता नवरा? तोही नरकात जाणारा?"

तिथे जाऊ नये याचीच व्यवस्था करतेय, म्हटलं.

"मग हात चालव जरा. तुमच्यातलं कोण आधी जाईल सांगता येत नाही."

मॉडीला सगळ्याची थट्टा. मला नाही. इथे एकटी राहिले, तक्रार नाही. पण नवरा करायचा आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा एकटं राहायचं – अनंतकाळ! नाही जमणार. होलिसचं तारण व्हायला हवं, नाहीतर लग्न नाही.

शनिवार, १४ मार्च

आज होलिससमोर बायबलातल्या मार्कचा सोळावा अध्याय काढला. विश्वास ठेवील आणि बाप्तिस्मा घेईल तो तरेल. 'आणि'वर बोट ठेवलं. मी शाळेत लॅटिन शिकवलं आहे. उभयान्वयी अव्यय शोभेसाठी नसतं.

होलिसने पिशवीतून बायबलचं ते नवं भाषांतर काढलं. आमचे उपदेशक बंधू एस्टेल क्रम्प ज्याला शेगडीत घाला म्हणतात, तेच. त्यात मार्क आठव्या वचनाला संपतो. माझं वचन पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात! सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये नाही म्हणे.

"लिओटा, आपलं लग्न तळटीपेत अडकलंय."

मी त्याला दार दाखवलं आणि कॉलेजातला ग्रीक नवा करार शोधला. तिथेही शेवटची बारा वचनं कंसात, म्हणजे मागून कुणी जोडलेली. होलिस खरं बोलत होता. राग यायला हवा होता. त्याऐवजी आरशापाशी जाऊन केस नीट केले.

मंगळवार, १७ मार्च

बंधू क्रम्प म्हणाले, "मार्क सोडा, भगिनी. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. तिथे कंस नाही." खरंच नाही. पेत्र स्पष्ट सांगतो – पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. मी तलवार उपसूनच होलिसच्या ओसरीवर गेले.

"साठी म्हणजे काय?" तो म्हणाला. "आपण खोकल्यासाठी काढा घेतो. तो खोकला यावा म्हणून, की आलाय म्हणून? तसाच बाप्तिस्मा – क्षमा झालीय म्हणून."

"आणि शिक्षक पगारासाठी शिकवतात, ते पगार झाला म्हणून?"

"तुमचा पगार बघता, कशासाठी शिकवता तेच कळत नाही."

रताळ्याचं पक्वान्न संपलं, वाद नाही. 'साठी' सुटला नाही. कॉलेज सोडल्यापासून इतकी मजा आली नव्हती. शरीराचं वजन निम्मं झाल्यासारखी घरी आले.

शुक्रवार, २० मार्च

होलिस तयार झाला! परवा पाण्यात उतरणार. पटलं का, हे मी विचारलं नाही. विद्यार्थ्याला विचारलं असतं. त्याला नाही विचारलं. फिकट निळी टोपी घेतली.

रविवार, २२ मार्च

टोपीही न काढता लिहायला बसले.

व्यासपीठामागचा हौद. भिंतीवर मिसेस क्रम्पनी रंगवलेली यार्देन नदी. कमरेएवढ्या पाण्यात होलिस, पांढऱ्या झग्यात. येशू देवाचा पुत्र आहे यावर विश्वास आहे का? आहे. एवढ्यावर भागतं. पण समोर बॅप्टिस्ट, म्हणून बंधूंनी जास्तीचा प्रश्न घातला – "आणि हा बाप्तिस्मा तू कशासाठी घेतोस?"

एका शब्दाचं उत्तर – पापक्षमेसाठी. बंधूंनी त्याला पढवलंही होतं.

होलिसने कठड्यावरून तिसऱ्या बाकावर माझ्याकडे पाहिलं. "लिओटासाठी," तो म्हणाला.

मग मॉडीचं हसू, रुमालात दाबलेलं.

"होलिस, हे उत्तर होत नाही."

"ठाऊक आहे, बंधू. पण दुसरं दिलं तर खोटं होईल. आणि देवापुढे उभा आहे मी."

बंधूंनी त्याला पायऱ्या दाखवल्या. कोरड्या केसांनीच वर आला. मला लाजेने मरायला हवं होतं. शेवटच्या गीतात मी दुसरंच कडवं गायले, तेही सगळ्यांच्या वरच्या आवाजात.

सोमवार, २३ मार्च

बंधू क्रम्प आले. कॉफी नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं.

"माणूस प्रामाणिक आहे, भगिनी. पण तारण झालेला नाही. त्याच्याशी लग्न केलंत, तर मुलींचा रविवारचा वर्ग तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

मी विचारलं, एक शब्द खोटा बोलला असता तर मी मिळणार होते. तरी बोलला नाही. देव अशा माणसाला दूर लोटेल?

"'बाप्तिस्मा घेईल तो तरेल' हे वचन मी लिहिलेलं नाही."

"मार्कनेही लिहिलेलं नाही, बंधू."

त्यांनी टोपी उचलली. सव्वीस वर्षांचा वर्ग गेला. दार लावलं आणि तिथेच पाठ टेकून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं.

शुक्रवार, २७ मार्च

आज कोर्टात लग्न केलं. लग्नाची बातमी लिहायला वर्तमानपत्राची मुलगी पेन्सिल घेऊन उभी. "चर्च कुठलं लिहू?"

होलिस माझ्याकडे बघत राहिला.

"लिही," मी म्हटलं, "वाद चालू आहे."