सिस्टर, लिहून का नाही ठेवलंत?

फिलोमिना सिस्टर,

आणि लिहून ठेवायला काय झालं होतं तुम्हाला? मी चौथी शिकलेली, मी लिहायला बसलेय. तुम्ही एवढ्या शिकलेल्या नर्स, आणि मागे एक कागद नाही. सगळं डोक्यात ठेवलंत आणि निघून गेलात. तुमच्या चौक गावात, चर्चच्या आवारात तुम्हाला मातीत ठेवलं तेव्हा मला रडू आलं नाही. या मंगळवारी आलं.

मंगळवारी दवाखान्यात पेणकरपाड्याची एक मुलगी आली, आईबरोबर. स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश करते. सुपरवायझरने काय केलं ते लिहीत नाही, तुम्हाला कळलं. केसपेपरवाल्याने खिडकीतूनच विचारलं, लाइनीत उभ्या सगळ्यांसमोर. मग चौकीवरून नवा हवालदार आला, पुरुष माणूस, त्याने बाकड्यावर बसवून विचारलं. मग नव्या डॉक्टरीणबाईंनी. मग दवाखान्याचे मोठे साहेब आले आणि म्हणाले, पहिल्यापासून सांग.

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. आई म्हणाली, "चल गं. इथे नुसतं विचारतात." आणि घेऊन गेली.

मी तिथेच होते, फिनाईलची बादली घेऊन. बोलले नाही. आपण आया, आपल्याला कोण विचारतो, असं मनात आलं. तुम्ही असतात तर माझ्याकडे नुसतं बघितलं असतंत, आणि ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं असतं.

माझी पहिली चूक आठवते ना? ती वरसाव्याची बाई, चिखलाने भरलेली, थरथरत होती. मला कळवळा आला. मी तिला गरम पाण्याने न्हाऊ घातलं, कपडे साबण लावून धुतले, दोरीवर वाळत टाकले. वाटलं, केवढं चांगलं काम केलं. तुम्ही आलात, दोरीकडे बघितलंत आणि खाली बसलात. पुढे कोर्टात विचारलं, कपडे कुठे? तपासात काही सापडलं का? काय सापडणार! सगळं मीच मोरीत सोडलं होतं. तो माणूस सुटला. त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो, सिस्टर.

तुम्ही मला ओरडला नाहीत. त्याचाच राग येतो कधी कधी. उलट दुसऱ्याच आठवड्यात जुन्या डॉक्टरीणबाई, चौकीवरच्या हवालदारबाई आणि वकीलबाई, तिघींना ड्रेसिंगच्या खोलीत जेवायला बोलावलंत. डब्यात सुके बोंबील. वकीलबाई गुजराती, नाकाला पदर लावून ठेपला खात होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोलीस उशिरा आणतात. हवालदारबाई म्हणाल्या, तुमचं अक्षर तुमच्या नवऱ्याला तरी लागतं का? तुम्ही दोघींना भांडू दिलंत. मग म्हणालात, प्रत्येकीने सांगा, पहिल्या तासात तुम्हाला काय लागतं. मी बादली उचलून निघाले, तर हात धरलात आणि त्यांना तुमच्या गावच्या बोलीत म्हणालात,

"मंदा पण बसल. पोरीला पयला हात तिचाच लागते."

मला तोवर कुणी असं बसवलं नव्हतं.

त्यानंतर जी कुणी आली, ती एकदाच बोलली. दार बंद, सगळ्याजणी समोर, आणि मी तिच्या शेजारी. कपडे कागदात. कोर्टाची तारीख आली की वकीलबाई तिच्या घरी जाऊन सांगायच्या. पण हे चालायचं तुमच्या आवाजावर. हवालदारबाईंची बदली झाली, डॉक्टरीणबाई गेल्या, नव्या आलेल्यांना तुम्ही सांगणार होतात. आणि तुम्हीच गेलात. आम्हाला कुणाला का नाही शिकवलंत? आपण कायम आहोत असं वाटत होतं का तुम्हाला?

बुधवारी मी पेणकरपाड्याला गेले. आईने दार अर्धंच उघडलं. मी आधी विचारलं, कपडे धुतले का? नव्हते धुतले. एवढं तरी. म्हटलं, परत या. ती म्हणाली, "एकदाच विचारतील, असं तुमच्या साहेबाने सांगितलं तर शनिवारी आणते. नाहीतर गावाला पाठवतेय."

तिथून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, मंदाबाई, तुम्ही फरशी बघा. म्हटलं, फरशी पुसूनच आलेय. केसपेपरच्या मागे मी लिहून नेलं होतं, कोणी कधी यायचं, कुठे बसायचं, कपड्यांचं काय करायचं. अक्षर वाकडं आहे, पण त्यांनी दोनदा वाचलं. वकीलबाईंना मी सांगून ठेवलंय, त्या येतायत. चौकीवर बाई हवालदार मागायला मात्र साहेबांचाच फोन लागेल.

सिस्टर, मी शब्द देते. ती आली तर मी तिच्या शेजारून उठणार नाही, आणि आता गप्पही बसणार नाही. त्या खोलीत जे जे करायचं असतं ते नव्या प्रत्येकीला मी सांगेन, ऐकलं नाही तर परत सांगेन.

साहेबांना निघताना बोलून आलेय: शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हो की नाही ते सांगा. 'बघू' चालणार नाही.

तुमची,
मंदा आया